विश्लेषण : तक्रारीला उशीर झाला म्हणून पोलीस परत पाठवू शकतात का? एफआयआरमधला आठवा रकाना इतका महत्त्वाचा का?

‘‘ताई, आठ महिने झाले. इतके दिवस काय करत होतात?’’

घटनेनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी पोलीस ठाण्यात जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर हा प्रश्न ऐकावा लागतो. तपासाचा भाग म्हणून तो विचारलाच पाहिजे. मात्र अनेकदा त्याच्या सुरातच ‘आता घरी जा’ हे उत्तर दडलेले असते. तक्रारदार मुळातच घाबरत घाबरत आलेला असेल, तर तो खरोखर घरी जातो. पुन्हा यायला त्याला आणखी काही महिने लागतात किंवा तो पुन्हा येतच नाही.

उशिरा आलेल्या तक्रारीबाबत कायदा नेमके काय सांगतो, पोलिसांचे अधिकार कुठे संपतात आणि उशिराने प्रत्यक्षात कशाचे नुकसान होते, याचा हा आढावा.

मुदत गेली म्हणून तक्रार नाकारता येते का?

दखलपात्र गुन्हा असेल तर नाही. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. गुन्ह्याची पहिली माहिती पोलिसांनी कशी नोंदवायची, हे तिच्या कलम १७३ मध्ये दिले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १५४ होते. घटनेनंतर अमुक दिवसांत आलात तरच माहिती नोंदवू, असे जुन्या कलमात नव्हते आणि नव्यातही नाही. उलट नव्या कलमाने हद्दीचा प्रश्नही निकालात काढला आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला माहिती घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, पोलिसांना तिथे निवड नाही, असे न्यायालयाने सांगितले.

याच निकालात एक अपवाद आहे आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे. काही प्रकारांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल, असे घटनापीठाने म्हटले. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार आणि ‘असाधारण विलंब’ असे हे प्रकार. विलंबाचे उदाहरण देताना न्यायालयाने समाधानकारक कारण न देता तीन महिन्यांहून अधिक उशीर, असे लिहिले. म्हणजे तीन महिन्यांनंतर पोलिसांना चौकशी करायची मुभा मिळते. तक्रार नाकारायची मुभा मिळत नाही. आणि ती चौकशीही तक्रार खरी की खोटी हे ठरवण्यासाठी नाही. सांगितलेल्या माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसतो का, एवढेच तिच्यात पाहायचे असते. चौकशीला घटनापीठाने आधी सात दिवस दिले होते. पुढे ती मुदत साधारण १५ दिवस आणि अपवादात्मक स्थितीत सहा आठवडे अशी वाढवली.

नव्या संहितेत आणखी एक तरतूद आली. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. हे १४ दिवस कागदावर मोजायचे, तर तक्रारदाराच्या हातात तारखेचा पुरावा हवा. त्याबद्दल पुढे.

मग ‘लिमिटेशन’ ही काय भानगड आहे?

मुदतीचा कायदा आहे, पण ते घड्याळ न्यायालयाच्या भिंतीवरचे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार (जुने कलम ४६८) न्यायालयाने ठरावीक काळानंतर काही गुन्ह्यांची दखल घ्यायची नाही. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष आणि एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षे. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतच नाही. खून, बलात्कार, दरोडा, मोठी फसवणूक या गुन्ह्यांची तक्रार वीस वर्षांनीही होऊ शकते.

ही मुदत कोणत्या दिवसापर्यंत मोजायची, यावर पूर्वी बराच वाद होता. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल करायला उशीर केला तर त्याचा फटका तक्रारदाराला का? सारा मॅथ्यू प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्ये तक्रारदाराच्या बाजूने उत्तर दिले. नव्या संहितेत तर तसे स्पष्टीकरणच घातले आहे : पोलिसांनी कलम १७३ खाली माहिती नोंदवली तो दिवस धरायचा. याचा व्यावहारिक अर्थ असा, की मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या माणसाला ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगणे त्याचा हक्क संपवू शकते.

दोन सवलतीही आहेत. आरोपी कोण हे माहीत नसेल, तर तो कळल्यापासून मुदत सुरू होते. आणि उशिराचे कारण पटले किंवा न्यायासाठी आवश्यक वाटले, तर कलम ५१९ नुसार न्यायालय मुदत ओलांडलेल्या प्रकरणाचीही दखल घेऊ शकते. हे ठरवायचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे, ठाणे अंमलदाराचा नव्हे.

घटना जुनी असेल तर कलम कोणते लागते?

हा भाग किचकट आहे, पण अनेक जुनी प्रकरणे इथेच अडकतात. गुन्हा ज्या दिवशी घडला, त्या दिवशीचा कायदा लागतो. तक्रार आज दिली तरी १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय न्याय संहिता नव्हे, तर जुनी भारतीय दंड संहिताच लागते. नोंदणी आणि तपास मात्र नव्या पद्धतीने होतो.

विनयभंगाचे उदाहरण घेऊ. दंड संहितेच्या कलम ३५४ खाली २०१३ पर्यंत कमाल शिक्षा दोन वर्षे होती. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कायदा बदलला आणि शिक्षा एक ते पाच वर्षे झाली. त्यामुळे २००९ मधल्या विनयभंगाला तीन वर्षांची मुदत आहे, तर २०१४ मधल्या तशाच घटनेला मुदत नाही. कृत्य तेच असते, फरक फक्त तारखेचा. मल्याळम चित्रसृष्टीवरील न्या. हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यानंतर केरळमध्ये जुन्या घटनांचे गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा हाच तारखांचा हिशेब महत्त्वाचा ठरला.

पाठलाग आणि पती किंवा सासरच्यांकडून होणारा छळ या गुन्ह्यांत आजही तीन वर्षांचे घड्याळ चालते, कारण त्यांची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे (पाठलागाच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्याला). छळ सतत चालू असेल तर शेवटच्या घटनेची तारीख महत्त्वाची ठरते. म्हणून जबाबात सर्वात जुना प्रसंग सविस्तर आणि अलीकडचा एका ओळीत, असे होऊ देऊ नये.

लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल मोठेपणी तक्रार करता येते का, हा प्रश्न केंद्र सरकारसमोर २०१८ मध्ये आला होता. पोक्सो कायद्यात तक्रारीला मुदत नाही, पीडित व्यक्ती कोणत्याही वयात तक्रार करू शकते, असे महिला व बालविकास मंत्रालयाने कायदा मंत्रालयाशी सल्लामसलत करून स्पष्ट केले. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याआधीच्या घटनांना दंड संहितेची कलमे लागतात.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यातील तीन महिन्यांची मुदत या सगळ्यात सर्रास मिसळली जाते. ती कंपनीच्या अंतर्गत समितीकडे किंवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाण्यासाठी आहे, आणि समितीला पटले तर आणखी तीन महिने वाढू शकते. ती ओलांडली की समितीचा दरवाजा बंद होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्यातील एका विधि विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली, मात्र हा निकाल त्यांच्या परिचयपत्राचा भाग राहील, असाही आदेश दिला. पोलिसांकडे जाण्याचा रस्ता या तीन महिन्यांशी बांधलेला नाही.

आठव्या रकान्यात काय लिहितात?

एफआयआरचा छापील नमुना देशभर साधारण सारखा आहे. महाराष्ट्रात तो इंग्रजी-मराठीत मिळतो. तिसऱ्या रकान्यात घटना कधी घडली आणि माहिती ठाण्यात कधी मिळाली, या दोन वेळा असतात. स्टेशन डायरीतील नोंदीचा क्रमांकही तिथेच येतो. सातव्यात आरोपीचा तपशील. आणि आठव्या रकान्याचे शीर्षक असते : तक्रारदाराकडून तक्रार करण्यातील विलंबाची कारणे.

म्हणजे लोक उशिरा येतात हे व्यवस्थेने गृहीतच धरले आहे, त्यासाठी कागदावर जागा ठेवली आहे. प्रत्यक्षात ही जागा अनेकदा रिकामी राहते किंवा तिथे ‘निरंक’ असे लिहिले जाते. पुढे खटल्यात बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत नेमके इथे बोट ठेवतात : सहा महिने उशीर झाला, कारण तर काहीच दिलेले नाही, मग ही गोष्ट नंतर वकिलाला विचारून रचली का? तक्रारदार कोर्टात कारण सांगतो, तेव्हा ‘हे एफआयआरमध्ये नाही’ हा पुढचा प्रश्न तयार असतो.

रकाना लहान असतो, त्यामुळे खरे कारण बाराव्या रकान्यातल्या सविस्तर हकिकतीतही यायला हवे. ‘भीतीपोटी तक्रार दिली नाही’ हे एक वाक्य फारसे कामाचे नाही. भीती कोणाची, कशामुळे? आरोपी घरमालक होता, मुलीची दहावी चालू होती, फोटो पाठवून धमकी दिली होती, गावात आधी बैठक झाली, दवाखान्यात ठेवले होते, असे ठोस सांगितले तर ते पडताळता येते. पडताळता येणारे कारण न्यायालयात टिकते.

तारीख आठवत नसेल तर? तिसऱ्या रकान्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी सोय आहे. अनुभवी तपासी अंमलदार तक्रारदाराला तारखेसाठी दामटत नाही. गणपतीच्या आधी की नंतर, शाळा सुरू झाली होती का, तेव्हा घरात कोण आजारी होते, मोबाइल कोणता होता, असे विचारत तो काळ आवळत आणतो. घाईत लिहिलेली चुकीची तारीख ही ‘तारीख आठवत नाही’ या प्रामाणिक उत्तरापेक्षा कितीतरी घातक असते.

पोलिसांना उशिराचा संशय का येतो?

त्यामागे निव्वळ आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमिनीची वाटणी फिसकटली, भागीदारी तुटली, घटस्फोटाची नोटीस आली आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या मारहाणीची तक्रार आली, अशी प्रकरणे ठाण्यात येतात. अशा वेळी दिवाणी वादात वजन मिळवण्यासाठी फौजदारी गुन्ह्याचा वापर होतोय का, हे पाहणे पोलिसांचे कामच आहे.

न्यायालयांनीही उशिराबद्दल कडक शब्द वापरले आहेत. १९७२ मधील तुलिया काली प्रकरण आजही खटल्यांत वारंवार उद्धृत होते. तमिळनाडूतील त्या खुनात पोलीस ठाणे दोन मैलांवर असूनही तक्रार वीस तासांहून उशिरा पोहोचली. तेवढ्या वेळात हकिकतीत रंग भरले जाऊ शकतात, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका केली. लग्नाच्या आमिषाच्या प्रकरणांतही हा मुद्दा येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील एका प्रकरणात सुमारे नऊ वर्षांच्या संबंधांनंतर दाखल झालेला बलात्काराचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. इतका काळ विरोधाविना चाललेले संबंध बिनसल्यानंतर त्यांना गुन्ह्याचे रूप देण्याच्या प्रवृत्तीवर न्यायालयाने चिंता व्यक्त केली.

पण वीस तासांचा हा नियम सगळ्या गुन्ह्यांना एकाच मापाने लावायचा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे.

लैंगिक गुन्ह्यांत न्यायालयांचे माप वेगळे का?

पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग हे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. ३० मार्च १९८४ रोजी परीक्षेहून परतणाऱ्या शाळकरी मुलीचे अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. तिने आईला सांगितले, आईने वडिलांना. वडील पोलिसांकडे न जाता आधी सरपंचाकडे गेले. पंचायत बसली, तिथून काही निष्पन्न झाले नाही आणि मग २ एप्रिलला कुटुंब पोलिसांकडे निघाले. कनिष्ठ न्यायालयाने या उशिरावरही बोट ठेवून आरोपींना निर्दोष सोडले. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कुटुंबाची अब्रू, मुलीचे भवितव्य यांचा विचार करून लोक थंड डोक्याने निर्णय घेतात, त्यात वेळ जाणे स्वाभाविक आहे, असा त्याचा आशय होता.

महाराष्ट्रातल्या गावात हा क्रम फारसा वेगळा नसतो. आधी भावकी, मग पोलीस पाटील किंवा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, मग एखादा ओळखीचा पुढारी आणि शेवटी ठाणे. बैठकीत ‘मिटवून टाका’ असे सांगितले गेले असेल, तर ते तक्रारदारासाठी अडचणीचे नाही. तेच उशिराचे कारण आहे आणि बैठकीला हजर असलेले लोक त्याचे साक्षीदार.

उशिराचे आणखी एक कारण आकडेवारीत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. मदत म्हणजे पोलिसांचीच असे नव्हे, माहेरची किंवा शेजारणीचीही त्यात धरलेली आहे. ठाण्याची पायरी चढणाऱ्या या त्यातल्याही थोड्या. अशा वेळी उशीर अपवाद ठरत नाही. वेळेवर आलेली तक्रारच अपवाद ठरते.

‘मी टू’ चळवळीच्या काळातला एक निकालही इथे आठवतो. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांना निर्दोष ठरवले. महिलेला कित्येक दशकांनंतरही आपली तक्रार आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर मांडता येते, असे न्यायालय म्हणाले. मात्र तो बदनामीचा खटला होता. त्यावरून फौजदारी मुदतीचे नियम बदललेले नाहीत.

उशीर तक्रारदाराचा की पोलिसांचा?

कागदावर दोन्ही उशीर सारखेच दिसतात. म्हणून ते वेगळे काढणे गरजेचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराची तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना अनेक तास ठाण्यात ताटकळावे लागल्याचा आरोप झाला. २० ऑगस्टला नागरिक रेल्वे रुळांवर उतरले. त्याच दिवशी पोलिसांच्या निलंबनाचा आदेश निघाला आणि दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गर्दी जमली नसती तर ते ताटकळलेले तास कोणत्या रकान्यात दिसले असते?

उशीर वाढवण्याची नेहमीची पद्धत याहून साधी आहे : ‘‘काका, तुम्ही अर्ज देऊन जा, चौकशी करतो.’’ अर्ज घेतला जातो, आवक नोंदवहीत चढतो आणि पडून राहतो. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. दोन महिन्यांनी गुन्हा नोंदला गेला तर हे दोन महिनेही विलंबातच मोजले जातात. म्हणून अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. पोच दिली नाही तर तोच मजकूर त्याच दिवशी ई-मेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवता येतो.

‘हे गृहस्थ आधी आलेच नव्हते’ असे पोलिसांनी सांगितले, तर ठाण्यातला कॅमेरा उपयोगी पडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचे आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपण्याचे आदेश दिले आहेत.

महिला आणि बालकांवरील ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावास होऊ शकतो. ठाण्यात या कलमाचा उल्लेख शांतपणे केला तरी कधी कधी टेबलावरचा सूर बदलतो.

उशिराने खरे नुकसान कशाचे होते?

हक्काचे कमी, पुराव्याचे जास्त. प्रत्येक पुराव्याचे आयुष्य वेगळे आहे.

दुकानाच्या किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण हार्ड डिस्कच्या क्षमतेनुसार काही दिवसांत ते महिनाभरात आपोआप पुसले जाते, त्यावर नवे चढते. कॉलच्या नोंदी जास्त टिकतात. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याची अट बदलून त्या किमान दोन वर्षे जपणे कंपन्यांना बंधनकारक केले. म्हणून दीड वर्षापूर्वीच्या धमकीच्या फोनची तक्रार आज दिली, तर तपासी अंमलदार ते तपशील मागवू शकतो. आणखी वर्षभर थांबल्यास ती खात्री उरत नाही.

लैंगिक अत्याचारानंतर शरीरावरील नमुने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत घेतले जातात. म्हणून चार दिवसांनंतर रुग्णालयात जाऊन उपयोग नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जखमांच्या खुणा, गर्भधारणा, संसर्ग, मानसिक अवस्था यांची नोंद नंतरही होते. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याची तरतूद आहे. घटना किती जुनी, यावर ती अवलंबून नाही. रुग्णालयात थेटही जाता येते. पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे.

मोबाइलमधला पुरावा सर्वात जास्त काळ टिकतो आणि सर्वात सहज नष्टही होतो, बहुतेकदा मालकाच्याच हातून. संतापाने चॅट डिलीट केले, जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, नंबर बदलला आणि बॅकअप गेला. स्क्रीनशॉट उपयोगी आहेत, पण मूळ फोन अधिक. डिजिटल पुरावा न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपे जाते. यूपीआयचे जुने स्टेटमेंट, लॉजचे रजिस्टर, शाळेची हजेरी, दवाखान्याचा केसपेपर या गोष्टी घटना सिद्ध करत नाहीत, पण तक्रारदार सांगतो त्या वेळी तो तिथे होता, हे दाखवतात. घटनेनंतर पहिल्यांदा कोणाला सांगितले, ती मैत्रीण किंवा बहीण, हीसुद्धा महत्त्वाची साक्षीदार.

सायबर फसवणुकीत किती उशीर चालतो?

इथे हिशेब तासांचा आहे. पैसे एका खात्यातून निघाले की ते भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून फुटत फुटत पुढे जातात आणि शेवटी एटीएममधून किंवा आभासी चलनात बाहेर पडतात. १९३० या क्रमांकावर लवकर फोन केला, तर वाटेतल्या एखाद्या बँकेत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती झपाट्याने घटते.

बँकेच्या जबाबदारीचे गणितही वेळेवरच आहे. ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने मर्यादा घालून दिल्या. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकावर काहीच भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर बचत खात्याला कमाल १० हजार रुपये. त्यानंतर बँकेचे धोरण लागू. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. लाजेखातर दोन दिवस गप्प बसणाऱ्यांची इथे दुहेरी फसवणूक होते. तरीही पैसे परत येणार नाहीत म्हणून तक्रारच न करणे चूक, कारण आरोपीविरुद्धचा गुन्हा त्याने संपत नाही. आणि १९३० वरची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

पोलिसांनी नकारच दिला तर?

कलम १७३(४) नुसार तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तर तिथल्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवायचा. तिथेही दाद लागली नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. या दोन पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अधीक्षकांकडे न जाता थेट न्यायालयात गेलेला अर्ज याच कारणाने अडू शकतो.

गुन्हा नोंदवला गेला, तर एफआयआरची प्रत मोफत आणि लगेच मिळते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवणेही नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. तक्रारदाराची सही होते चौदाव्या रकान्यात, सगळा मजकूर वाचून दाखवल्यानंतर. वाचून दाखवताना आठव्या रकान्याशी ‘निरंक’ ऐकू आले, तर दुरुस्ती त्याच वेळी सांगावी. सही झाल्यानंतर पुरवणी जबाब देता येतो, पण त्याची तारीख नंतरची असते.